थोरल्याची हगवण धाकटीपर्यंत पोचू नये म्हणून

एका आईचा प्रश्न आहे. चार वर्षांच्या मुलाला तीन दिवस ताप, पोटात मुरडा आणि आव-रक्त पडणारे जुलाब झाले. शीच्या तपासणीत शिगेला नावाचा जिवाणू निघाला. औषध सुरू आहे, ताप उतरलाय, मुलगा पुन्हा उड्या मारतोय. काळजी आहे ती दहा महिन्यांच्या धाकटीची. ती नुकती रांगायला लागली आहे आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. स्वयंपाक आजी करतात, मुलांचं सगळं आई बघते. आई लिहिते, "फरशी रोज दोनदा जंतुनाशकाने पुसतेय, सगळी खेळणी उकळून काढली, दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवलंय. तरी भीती जात नाही. धाकटीला आधीच अँटिबायोटिक देऊन ठेवू का? आणि थोरल्याला बालवाडीत कधी पाठवू?"

अँटिबायोटिकचं आधी उरकते, कारण ते सोपं आहे: देऊ नका. शिगेला आज बऱ्याच औषधांना दाद देत नाही, आणि थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला पाजण्याच्या सवयीचाही त्यात वाटा आहे. उद्या तिला खरंच गरज पडली तर लागू पडेल असं औषध शिल्लक राहायला हवं. शिवाय अँटिबायोटिकने आतड्यातले राखणदार जिवाणूही मरतात आणि बाहेरून येणाऱ्याला जागा मोकळी मिळते. तिला जुलाब लागलेच तर डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हे बोला: "घरात थोरल्याला शिगेला झालाय." पुष्कळ वेळा हे सगळ्यात शेवटी, दारातून बाहेर पडताना सांगितलं जातं.

आता खऱ्या मुद्द्याकडे येते. तुमच्या यादीत फरशी आहे, खेळणी आहेत, खोल्या आहेत. तुमचे हात नाहीत.

मी २७ वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात आणि ओपीडीत काढली. या काळात माझं एक मत पक्कं झालंय. धाकट्याला लागण थेट थोरल्याकडून फार थोड्या वेळा होते. ती बहुतेकदा मोठ्या माणसाच्या हातून, तेही माया करताना होते. थोरला आणि धाकटी यांच्यामध्ये दिवसातून पन्नास वेळा ये-जा कोण करतं? त्याची शी साफ करून तिचा घास कोण कालवतं? मुलं दोन खोल्यांत ठेवली तरी त्या दोन्ही खोल्यांत जाणारं माणूस एकच असतं.

आमच्याकडे नव्याने आलेल्या नर्सताईंना शिकवताना मी एक खेळ करते. एका बाहुलीला डायपर बांधते आणि आत हस्तकलेतली चमकी भरते, लाल किंवा हिरवी. ताईंनी एवढंच करायचं: डायपर बदलायचा, हात धुवायचे आणि टेबलावरची दुधाची बाटली उचलायची. मग आम्ही खोलीतले दिवे मालवून टॉर्च घेऊन चमकी शोधतो. ती कुठे सापडते? वाइप्सच्या पाकिटाच्या झाकणावर. नळाच्या डोक्यावर. ताईंच्या डाव्या खांद्यावर, कारण मध्येच ओढणी सारखी केली. बाहुलीच्या पायाच्या बोटांमध्ये. मोबाइलवर तर हमखास, कारण मध्येच तो वाजलेला असतो. हात धुतलेले असतात, खरंच धुतलेले असतात, तरी बाटलीच्या बुचावर दोन-तीन कण चमकतात. ते आले कुठून? ज्या नळाला मळका हात लावून पाणी सोडलं, त्याच नळाला स्वच्छ हात लावून पाणी बंद केलं म्हणून.

ते दोन-तीन कण लक्षात ठेवा, कारण शिगेलाच्या बाबतीत सगळा हिशेब तिथेच आहे. काही जिवाणूंना माणसाला आजारी पाडायला मोठी फौज लागते. साल्मोनेला साधारणपणे हजारोंच्या, कधी लाखोंच्या संख्येने पोटात जावा लागतो. म्हणून तो बहुधा अन्नातून येतो, आधी अन्नात वाढतो आणि मग आपल्याला गाठतो. कॅम्पिलोबॅक्टरला काही शे पुरतात. शिगेलाला १० ते १०० जिवाणू पुरतात. आजारी मुलाच्या एका ग्रॅम शीत ते लाखोंनी असतात. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, नखाच्या कडेला चिकटलेला अंश धाकटीला आजारी पाडायला पुरेसा आहे. त्याला मध्ये अन्न लागत नाही, पाणी लागत नाही, नुसता हात पुरतो.

म्हणून सगळ्या घराशी लढू नका. दिवसातले तीन-चार क्षण पकडा आणि ते मात्र सोडू नका: शी साफ केल्यावर, डायपर बदलल्यावर, स्वयंपाकाला किंवा धाकटीच्या खाण्या-दुधाला हात लावण्याआधी, आणि स्वतः संडासला जाऊन आल्यावर. या वेळी साबण आणि वाहतं पाणीच हवं. तळवे सगळेच धुतात. राहतात ती बोटांची टोकं, अंगठे आणि नखांच्या खाचा, म्हणजे साफ करताना नेमका जो भाग वापरला तोच. एका हाताची बोटं मिटून दुसऱ्या तळव्यावर घासली की नखांखाली साबण जातो. वीस सेकंद म्हणतात ते खरंच घड्याळ लावून मोजून बघा, वाटतं त्यापेक्षा खूप लांब असतात. आणि नळ बंद करताना कोपर, मनगट किंवा कागदाचा तुकडा वापरा. तेही जमत नसेल तर हातांबरोबर नळाच्या डोक्यालाही साबण लावून धुऊन टाका.

साबण कुठला? जो घरात आहे तो. महागडा जंतुनाशक साबण आणायची गरज नाही. कराचीमधल्या वस्त्यांमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे काही घरांना साधा साबण दिला, काहींना जंतुनाशक साबण, आणि हात धुण्याची सवय लावली. १५ वर्षांखालच्या मुलांमधले जुलाब, ज्या घरांत हे केलं नव्हतं त्यांच्या तुलनेत, ५३ टक्क्यांनी कमी झाले. साध्या आणि जंतुनाशक साबणात म्हणावा असा फरक दिसला नाही. काम साबणाच्या जातीने होत नाही, घासण्याने आणि वाहून जाण्याने होतं. सॅनिटायझरचंही विचारलं जातं. हात दिसायला स्वच्छ असतील आणि जवळ पाणी नसेल तर तो या जिवाणूंवर चालतो. पण शी लागलेल्या हातावर तो नुसता पसरतो. आणि मुलांच्या जुलाब-उलट्यांमध्ये जिवाणूंपेक्षा विषाणूंचं प्रमाण जास्त असतं, त्यातल्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर अगदीच लंगडा पडतो. घरात असताना बेसिनच गाठा.

इथे माझी स्वतःची फजिती सांगते. माझ्या मोठ्या मुलीला तीन वर्षांची असताना अशीच रक्ती आव झाली होती. मी डॉक्टर, त्यामुळे घरात माझाच हुकूम चालत होता. सगळ्यांचे हात मी कोपरापर्यंत धुवून घेत होते. तरी सहाव्या दिवशी धाकटीला जुलाब सुरू झाले. मी पाणी तपासलं, दूध तपासलं, सासूबाईंवर उगाच संशय घेतला. आणि मग एका दुपारी बेसिनजवळ उभी असताना माझं लक्ष भिंतीवरच्या टॉवेलकडे गेलं. एकच टॉवेल, आठवडाभर तोच, कायम ओलसर. मोठी हात अर्धेमुर्धे धुऊन त्याला पुसत होती, मी छान धुतलेले हात त्यालाच पुसत होते आणि तिथून थेट धाकटीकडे जात होते. तेव्हापासून मी सांगते: आजारपणाच्या काळात हात पुसायचा सामाईक टॉवेल भिंतीवरून काढून टाका. प्रत्येकाचा वेगळा छोटा नॅपकिन ठेवा आणि तो रोज बदला, नाहीतर कागदी रुमाल वापरा. तेही नसेल तर हात हवेवर वाळू द्या. मळक्या टॉवेलापेक्षा ओला हात बरा.

तुमच्या घरात एक गोष्ट फार चांगली आहे आणि ती तशीच टिकवा. स्वयंपाक आजी करतात, मुलांचं तुम्ही बघता. हीच विभागणी आणखी कडक करा. थोरल्याची शी, त्याचे कपडे, त्याचा संडास हे ज्याच्याकडे आहे त्याने निदान आजारपण संपेपर्यंत स्वयंपाकाला हात लावायचा नाही, आणि शक्य असेल तर धाकटीला भरवायचंही नाही. तिला आजींनी भरवावं. माणसं कमी असतील आणि हे जमत नसेल तर क्रम उलटा करा: आधी धाकटीचं खाणं-पिणं, मग थोरल्याची साफसफाई. आणि आजींनाच पोटाचा त्रास सुरू झाला तर संकोच न करता सांगायला हवं. "थोडंसंच आहे, मी करते स्वयंपाक" हे वाक्य घरोघरच्या आज्यांच्या तोंडी असतं आणि त्यातून सगळं घर आडवं होतं. पोट बिघडलेल्या माणसाने सगळं थांबल्यावर ४८ तास चुलीकडे फिरकू नये.

आणि धाकटीचे हात! हे सगळे विसरतात. मोठ्यांचे हात दिवसातून दहादा धुतले जातात आणि जी दर मिनिटाला मूठ तोंडात घालते तिचे सकाळी आंघोळीत एकदा. आपल्या हातावर फेस करून तिच्या मुठी उघडा, बोटांच्या मधून फिरवा आणि वाहत्या पाण्याखाली धरा. प्रत्येक खाण्याआधी, आणि रांगून आली की. ओल्या वाइपने मळ पुसला जातो, पण धुण्याची जागा तो घेत नाही. दोघांची नखं आज रात्री, झोपेत असताना कापून टाका.

तुम्ही अंगावर पाजत असाल तर चालूच ठेवा. आईच्या दुधातून आतड्याच्या अस्तरावर काम करणारी प्रतिपिंडं बाळाला मिळतात, आणि ती तुमच्या घरात फिरणाऱ्या जंतूंशी ओळख असलेली असतात. तुम्हाला स्वतःला जुलाब लागले तरी पाजणं थांबवू नका, पाजण्याआधी हात मात्र धुवा.

थोरल्याकडे वळू. चार वर्षांचं पोर म्हणजे "माझं मी धुतो" म्हणण्याचं वय. एरवी कौतुकाचं, पण हे काही आठवडे त्याच्याबरोबर संडासात मोठ्या माणसाने जायचं, साफ मोठ्याने करायचं आणि त्याचे हात आपल्या देखत धुवायचे. त्याला "घाण झाली, दूर हो, बाळाला हात लावू नकोस" असं म्हणू नका. हे मायेपोटी सांगत नाहीये, संसर्गापोटी सांगतेय. एका घरात बहिणीला जुलाब का लागले हे कुणाला कळेना. चार दिवसांनी खेळण्यांच्या कपाटात, बाहुलीच्या गादीखाली, मुलाच्या भरलेल्या तीन चड्ड्या सापडल्या. ओरडा बसतो म्हणून त्याने लपवल्या होत्या. ज्या मुलाला ओरडा बसत नाही ते मूल चड्डी आणून तुमच्या हातात देतं. वेगळ्या खोल्यांचा हट्टही सोडून द्या. जुलाब थांबलेत, दोघांचे हात धुतलेले आहेत, तर शेजारी बसून खेळू देत. फक्त आंघोळ एका टबात नको, टॉवेल एक नको, चमचा-पेला एक नको आणि रात्रीचं अंथरूण वेगळं. हवा भरून करतात तो छोटा पोहण्याचा हौद या महिन्यात बाहेर काढूच नका.

आता सफाई, जिच्यावर तुम्ही सगळ्यात जास्त घाम गाळताय. शिगेला कोरड्या पृष्ठभागावर काही दिवस तग धरू शकतो, त्यामुळे सफाई फुकट नाही. पण फरशी हे मुख्य ठिकाण नव्हे. बाथरूम आणि संडासाचं दार कायम बंद ठेवणं, म्हणजे रांगणारी धाकटी तिथे पोचूच शकणार नाही, हे बाकीची फरशी चारदा पुसण्यापेक्षा मोलाचं आहे. हात लागतात त्या जागा मोजा: फ्लशचं बटण, नळ, संडासाची कडी, बसायची कड, पॉटी, दिव्याचं बटण, फ्रिजची मूठ, रिमोट, मोबाइल. एवढंच. रोज एकदा, आणि प्रत्येक सांडलवंडीनंतर. फ्लश करताना झाकण खाली घ्या.

आधी साबणाच्या पाण्याने मळ काढा, मग जंतुनाशक लावा. हा क्रम उलटला तर सगळं वाया जातं, कारण क्लोरीन शीतल्या सेंद्रिय घाणीवरच खर्च होतो आणि जिवाणू वाचतात. घरगुती ब्लीच साधारण ५ टक्क्यांचं असेल तर २० मिलिलिटर ब्लीच एक लिटर गार पाण्यात पुरतं. बाटलीवरची टक्केवारी वाचून घ्या. लावल्यावर दहा मिनिटं ओलं राहू द्या, लगेच पुसू नका, मग धुऊन टाका. द्रावण रोज ताजं करा, कारण उन्हात आणि उष्णतेत त्याची ताकद जाते. मोबाइल आणि रिमोटला मात्र ब्लीच लावू नका, अल्कोहोलने ओलसर केलेल्या फडक्याने पुसा. आणि एक गोष्ट अगदी घसा ताणून सांगते: ब्लीच आणि संडास धुण्याचं आम्ल कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठ एकही ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरतो. पाण्याच्या बाटलीत ब्लीच भरून ठेवू नका. जुलाब टाळायला आणलेलं ब्लीच पिऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत.

पॉटी वापरत असाल तर ती संडासात रिकामी करा आणि तिथेच धुवा, भांड्यांच्या सिंकमध्ये किंवा दात घासायच्या बेसिनमध्ये नको. भरलेले कपडे झटकू नका, आधी घट्ट भाग संडासात टाका, मग वेगळे धुवा. कापडाला चालत असेल तर ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळू द्या. खेळणी रोज उकळायची गरज नाही. धाकटीच्या तोंडात जाणारी पाच-सहा खेळणी वेगळ्या डब्यात ठेवा, ती थोरल्याच्या हाती देऊ नका आणि रोज साबणाने धुवा. कापडी अस्वलं-ससे एकदा धुवा आणि महिनाभर वर ठेवून द्या.

इथपर्यंत शिगेलाचं झालं. पण पुढच्या वेळी तो शिगेलाच असेल असं नाही, आणि बाकीच्यांची वाट वेगळी आहे. शिगेला माणसातच राहतो, कुत्र्या-मांजरांचा त्याच्याशी संबंध नाही. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर मात्र प्राण्यांतून येतात: कच्चं चिकन, अंडी, न तापवलेलं दूध, जुलाब होणारं कुत्र्याचं पिल्लू. कासवांवर तर साल्मोनेला इतका सर्रास असतो की अमेरिकेत १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली गेली, कारण मुलं ती चक्क तोंडात घालत. कच्चं चिकन नळाखाली धुण्याची सवय सोडा. त्याने चिकन स्वच्छ होत नाही, पाण्याचे शिंतोडे मात्र सिंकमधल्या बाटलीपर्यंत उडतात. जिवाणू शिजवल्याने मरतात, आतलं तापमान ७५ अंशांपर्यंत गेलं की काम झालं. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळे ठेवा, आणि लहान मुलांना अंडं बलक घट्ट होईपर्यंत शिजवून द्या.

उरलेल्या अन्नाचा हिशेब सांगते, कारण तो ऐकल्यावर लोक वेगळं वागतात. अनुकूल उबेत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. दोन तासांत सहा वेळा दुप्पट म्हणजे एकाचे ६४. आणखी दोन तासांनी ४,०९६. दुपारी बाळाने टाकलेला वाटीतला मऊ घास संध्याकाळी "वाया कशाला घालवायचा" म्हणून पुन्हा भरवला, तर तुम्ही नेमकं काय भरवताय ते यावरून कळेल. त्यातून त्या वाटीत बाळाची लाळ गेलेली असते. बाळाचं ताटात उरलेलं टाकायचंच. भांड्यातलं उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, ५ अंशांच्या खाली, आणि परत देताना नुसतं कोमट न करता वाफ येईपर्यंत गरम करून मग निववायचं. दुधाची पावडर निर्जंतुक नसते, डबा सीलबंद असला तरी. म्हणून पाणी उकळून, ते ७० अंशांच्या खाली जाण्याआधी त्यात पावडर मिसळा, मग बाटली गार पाण्यात धरून निववा. केलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्या. प्यायचं पाणी संशयास्पद असेल तर खळखळून एक मिनिट उकळा, आणि साठवलेल्या पाण्यात हात किंवा पेला बुडवू नका. उकळलेलं पाणी बुडवलेल्या बोटाने पुन्हा दूषित झालेलं मी कितीतरी घरांत पाहिलंय.

ई. कोलायचा एक प्रकार, ओ१५७ नावाचा, वेगळा काढून सांगायला हवा. त्याच्या विषाने मूत्रपिंडं बंद पडू शकतात, आणि पाच वर्षांखालच्यांना हा धोका सगळ्यात जास्त. फसवणूक अशी की जुलाब कमी होत आलेले असतात, आईला हायसं वाटतं, आणि मग मूल पांढरं पडतं, शू कमी होते. रक्ताचे जुलाब झालेल्या मुलाची शू म्हणूनच दोन आठवडे लक्षात ठेवावी. या जिवाणूसाठी अँटिबायोटिक सहसा टाळतात. साध्या साल्मोनेलालाही निरोगी मुलात बहुधा ते देत नाहीत, कारण त्याने जिवाणू शीतून जास्त दिवस जात राहतो. शिगेलात मात्र योग्य अँटिबायोटिकने तो लवकर संपतो. म्हणजे एकाच लक्षणाला तीन जिवाणूंचे तीन न्याय. रक्त पडणाऱ्या जुलाबात औषध सुरू करण्याआधी शीची तपासणी करावी असा आग्रह मी धरते तो यासाठी. जुलाब एकदम थांबवणाऱ्या गोळ्या लहान मुलांना कुठल्याच प्रकारात देऊ नका.

धाकटीला जुलाब सुरू झालेच तर पहिल्या जुलाबापासून ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, प्रत्येक जुलाबानंतर चमच्या-चमच्याने ५० ते १०० मिलिलिटर. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्या. अंगावरचं दूध आणि नेहमीचं खाणं सुरूच. सहा-सात तास डायपर कोरडा, डोळे खोल, रडताना अश्रू नाहीत, पोटात काहीच टिकत नाही, शीत रक्त, झटका, किंवा ती नेहमीसारखी बघत नाही, मलूल पडून आहे, यातलं एकही दिसलं तर त्याच रात्री दवाखाना, सकाळची वाट नको. घरात तीन महिन्यांच्या आतलं बाळ असतं तर मी ही यादीही दिली नसती, ताप किंवा जुलाब दिसताच घेऊन या म्हटलं असतं.

बालवाडीचं राहिलं. शेवटची पातळ शी झाल्यानंतर पूर्ण ४८ तास गेले पाहिजेत. हे किमान झालं. शिगेला किंवा ओ१५७ निघालेल्या लहान मुलांसाठी काही ठिकाणी शीची तपासणी पुन्हा करून जिवाणू नाही हे दाखवावं लागतं, तेव्हा बालवाडीला निदान स्पष्ट सांगून त्यांचा नियम विचारा. मुलगा उड्या मारतोय म्हणजे तो जिवाणूमुक्त झाला असं नाही. औषध न घेतलेल्या मुलाच्या शीतून शिगेला एक ते चार आठवडे जात राहू शकतो. साल्मोनेलाचं तर पाच वर्षांखालच्या मुलांत कित्येक आठवडे चालतं. तुमच्या मुलाचं औषध सुरू आहे, त्यामुळे काळ बराच कमी होईल, पण ताप उतरला म्हणून ते मध्येच सोडू नका, आणि हात धुण्याची कडक शिस्त मी तरी चार आठवडे ठेवीन. बहुतेक घरांत ती चौथ्या दिवशी ढिली पडते.

तेव्हा थोरल्याला शेवटची पातळ शी ज्या दिवशी, ज्या वेळी झाली ते आज एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. त्याखाली तीन ओळी: ४८ तासांनंतरची वेळ बालवाडीसाठी, सात दिवसांनंतरची तारीख धाकटीवर नजर ठेवण्यासाठी, कारण लागण झाली असेल तर बहुधा एक ते तीन दिवसांत आणि क्वचित आठवड्याभरात दिसते, आणि चार आठवड्यांनंतरची तारीख टॉवेल परत भिंतीवर लावण्यासाठी.